अतिचंचल बालके आणि होमिओपथी : संशोधनपद्धतीची एक चिकित्सा

होमिओपथीविषयीचा वाद मराठी सुशिक्षितांना नवा नाही. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्यांची कुपी कधीच आली नाही असे मध्यमवर्गीय घर महाराष्ट्रात विरळा, आणि त्या गोळ्यांत औषध असते की नाही यावर कधीच वाद झाला नाही असे घरही तितकेच विरळा. ‘गुण येतो’ हा एका पक्षाचा आधार आणि ‘गोळीत काही नसतेच’ हा दुसऱ्या पक्षाचा. वादाचे हे स्वरूप इतके ठरीव होऊन बसले आहे की, या विषयावर संशोधन म्हणून जे प्रसिद्ध झाले ते मुळातून वाचण्याची गरज दोहोंपैकी कोणालाच फारशी भासत नाही. अतिचंचल व अवधानहीन मुलांवरील होमिओपथीच्या उपचारांचे संशोधन हा या विस्तृत वादाचा एक लहानसा कोपरा होय. १९९७ पासून २०२४ पर्यंत या विषयावर झालेले नियंत्रित प्रयोग संख्येने थोडे आहेत. म्हणूनच त्यांतील प्रमुख प्रयोग एकापुढे एक ठेवून वाचणे शक्य आहे. तसे ते वाचले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. वाद औषधाविषयी चालला आहे असे वरकरणी दिसले तरी या प्रयोगांचे निकाल बहुतांशी मोजणाऱ्यावर अवलंबून राहिले आहेत. आणि मोजणारी व्यक्ती ही प्रायः त्या मुलाची आई अथवा बाप असते.

हा मुद्दा समजण्यासाठी प्रथम विकाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. ज्याला आज ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात त्या अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकृतीचे निदान करणारी रक्ताची परीक्षा नाही, क्ष-किरणांचे चित्र नाही. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेही त्यांच्या वर्तनाचेच होते. अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेच्या निदान-पुस्तिकेने १९८० साली अवधान-न्यूनतेला स्वतंत्र नाव दिले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलतेची भर घालून आजचे नाव रूढ केले. परंतु नाव पक्के झाले म्हणून साधन बदलले नाही. मूल एका जागी बसत नाही, हाती घेतलेले पुरे करीत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, हे कोणीतरी मोठ्या माणसाने पाहावयाचे आणि सांगावयाचे. त्या सांगण्यावरून निदान करावयाचे. किथ कॉनर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच सांगण्याला १९६० नंतरच्या दशकात मोजपट्टीचे रूप दिले. तिच्या संक्षिप्त रूपात दहा विधाने असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. गुण जितके अधिक तितकी मुलाची अवस्था अवघड. पालकांसाठी एक आवृत्ती आणि शिक्षकांसाठी दुसरी, अशी सोयही तीत आहे.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची अट नजरेआड होऊ देता कामा नये. १९९४ च्या निदान-पुस्तिकेने या विकाराच्या निदानासाठी त्रास दोन किंवा अधिक ठिकाणी दिसला पाहिजे असे ठरविले, उदाहरणार्थ घरी आणि शाळेत. जे मूल केवळ घरात अनावर आहे आणि वर्गात ठीक आहे, त्याची अडचण घरातील नात्यांची असण्याचा संभव अधिक, अशी या अटीमागील दृष्टी. निदानाला दोन साक्षीदार हवेत असे ज्या शास्त्राने ठरविले त्याच शास्त्रात बरे होण्याची साक्ष मात्र बहुधा एकाच साक्षीदाराकडून घेतली जाते, ही विसंगती पुढील सर्व प्रयोगांच्या वाचनात उपयोगी पडेल.

आता होमिओपथीची बाजू. हानेमान याच्या ‘ऑर्गनॉन’ ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० साली निघाली. त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, १९२१ साली, सहावी प्रसिद्ध झाली आणि तीत प्रत्येक पायरीस पन्नास हजार पट विरलन करण्याची पद्धत आली. नेहमीच्या व्यवहारातील ‘तीस’ पोटेन्सी म्हणजे एकावर साठ शून्ये इतके विरलन. साधारण बाराव्या पायरीपलीकडे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही राहण्याचा संभव उरत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढ्यावरच प्रश्न मिटला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संशोधनपद्धतीच्या दृष्टीने होमिओपथीचे दुसरे अंग अधिक विचारणीय आहे. येथे रोगाला औषध नसते, रोग्याला असते. एकाच निदानाच्या दोन मुलांना एकाच औषधाची गरज असेल असे नाही. एकाला धोतऱ्याच्या जातीपासूनचे स्ट्रॅमोनियम, दुसऱ्याला खुरासानी ओव्यापासूनचे हायोसायमस, तिसऱ्याला आणखी काही. हे ठरविण्यासाठी वैद्य ‘केस घेतो’: मुलाला अंधाराची भीती वाटते का, गोड आवडते की खारट, झोपेत दचकते का, आईच्या गरोदरपणी काय घडले. ही मुलाखत तास-दीड तास चालू शकते. औषध लागू पडले नाही तर ती पुन्हा होते. म्हणून ‘अमुक गोळी विरुद्ध निरौषध गोळी’ असा सरळ प्रयोग आमच्या पद्धतीला लागू पडत नाही, असे होमिओपथ म्हणतात तेव्हा ती केवळ पळवाट आहे असे समजणे अन्यायाचे ठरेल. प्रयोग एका द्रव्याचा नव्हे, एका प्रक्रियेचा करावयाचा आहे, एवढे त्यांचे म्हणणे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पहिला उल्लेखनीय प्रयोग लॅमाँट यांचा, १९९७ साली ब्रिटिश होमिओपथिक जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात त्रेचाळीस मुले होती, निरौषध गट होता, आणि निकाल होमिओपथीच्या बाजूचा होता. परंतु तुलना अवघ्या दहा दिवसांची होती आणि सुधारणा किती झाली हे मुलाची काळजी घेणाऱ्यांनीच सांगितले. २००० साली दक्षिण आफ्रिकेतील स्ट्रॉस यांनी वीस मुलांवर एका तयार मिश्र औषधाचा प्रयोग केला. व्यक्तिनिष्ठ निवडीचे तत्त्वच त्यात नसल्यामुळे शुद्ध होमिओपथ त्याला आपला मानणार नाही. या दोहोंवर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

खरी विचारसामग्री पुरविली ती स्वित्झर्लंडने. (ज्या मेथिलफेनिडेट औषधाला पर्याय शोधण्याचा हा खटाटोप, तेही स्विसच होय. बाझेलच्या सीबा कंपनीतील पानित्सोन यांनी ते १९४४ साली तयार केले आणि आपल्या पत्नीच्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ म्हटले.) हाइनर फ्राय हे बालरोगतज्ज्ञ व होमिओपथ. त्यांनी व थुर्नेयसेन यांनी २००१ साली ११५ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वांना आधी होमिओपथी दिली. ज्यांना पुरेसा गुण आला नाही त्यांनाच मेथिलफेनिडेट. ८६ मुलांना, म्हणजे शेकडा ७५ जणांना, होमिओपथीने गुण आला असे त्यांना आढळले. तुलनेचा गट नव्हता आणि विभागणी यादृच्छिक नव्हती. तेव्हा या आकड्याला वृत्तांतापलीकडे किंमत देता येत नाही, परंतु पुढील प्रयोगाची प्रेरणा त्यातून मिळाली.

तो बर्नचा प्रयोग युरोपियन जर्नल ऑफ पीडिॲट्रिक्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि होमिओपथीच्या समर्थनार्थ आजही बहुधा तोच पुढे केला जातो. म्हणून त्याची रचना बारकाईने पाहणे इष्ट. सहा ते सोळा वर्षांची ८३ मुले घेतली. प्रथम सर्वांना उघडपणे, म्हणजे पालक, वैद्य व मूल या तिघांनाही ठाऊक असताना, होमिओपथिक औषध दिले. ज्यांचे कॉनर्स-गुण निम्म्याने उतरले तीच मुले पुढील परीक्षेस पात्र. हे साधावयास मध्यतः पाच महिने लागले; काहींना एकच महिना पुरला, काहींना अठरा. ८३ पैकी ७० मुले या टप्प्यावर पोचली, १३ पोचली नाहीत. पोचलेल्यांपैकी ६२ जणांवर मग दुहेरी अंध अदलाबदलीचा प्रयोग झाला: निम्म्यांना सहा आठवडे खरे औषध व नंतर सहा आठवडे निरौषध थेंब, उरलेल्यांना उलट क्रमाने. निकाल असा की, खऱ्या औषधाच्या काळात पालकांनी दिलेले गुण निरौषध काळापेक्षा सरासरीने १.६७ ने कमी होते. संख्याशास्त्रीय मूल्य ०.०४७९. नियत मर्यादा ०.०५ हे लक्षात घेता उंबरठ्याच्या आत पाऊल पडले खरे, पण जेमतेम.

या प्रयोगाच्या रचनेत प्रामाणिकपणा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. औषध सापडण्यास वेळ लागतो या आपल्या शास्त्राच्या अटीला त्यांनी प्रयोगात जागा करून दिली. २००७ साली त्याच गटाने एका स्वतंत्र लेखात ही रचना का स्वीकारली हे सांगितले व तीन महिन्यांची नेहमीची परीक्षा घेतली असती तर उपचाराचा परिणाम दिसलाच नसता असे प्रांजळपणे लिहिले. परंतु या प्रांजळपणातच अडचणीचे मूळ आहे. दीर्घकालीन सुधारणा बारा गुणांची, म्हणजे शेकडा ६३ असल्याचे हा प्रयोग सांगतो. डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या तुलनेत त्यांपैकी औषधाच्या खात्यावर जमा होतात ते १.६७. दोन आकडे वेगवेगळ्या काळाचे असल्यामुळे काटेकोर भागाकार करता येत नाही, तथापि स्थूलमानाने एक सप्तमांशाच्या आसपासचा हा हिस्सा आहे. उरलेले सहा हिस्से कोणाचे? काही वयाचे, अठरा महिन्यांत मूल वाढते, एक इयत्ता मागे पडते. काही संख्याशास्त्राचे, ज्या दिवशी गुण फार चढलेले असतात त्या दिवशी मूल प्रयोगात येते, आणि अशा शिखरावरून गुण आपोआपच काहीसे खाली येतात. बौद्धिक चाचण्यांतील ज्या सुधारणा निबंधाच्या सारांशात ठळकपणे मांडल्या आहेत त्याही उघड उपचाराच्या काळातल्या आहेत. तीच चाचणी पुन्हा देणारे मूल सरावानेही सुधारते. आणि काही हिस्सा, कदाचित बराच मोठा, पालकांच्या दृष्टीचा.

यावर होमिओपथांचे एक ठराविक उत्तर आहे. औषधाचा परिणाम गोळी थांबल्यावरही टिकतो, म्हणून निरौषध काळातही मूल चांगले राहते आणि फरक लहान दिसतो. उत्तर तर्काला सोडून नाही. पण परिणाम टिकतो हे आधीच मान्य असेल तर अदलाबदलीचा आराखडा हा या उपचारासाठी मुळातच अयोग्य ठरतो. कारण पहिल्या काळाचा परिणाम दुसऱ्यात वाहून येत नाही, हेच त्या आराखड्याचे गृहीतक. ज्या आराखड्यातून ०.०४७९ मिळाले त्याचे श्रेय घ्यावयाचे आणि फरक लहान पडला की त्याच आराखड्याला दोष द्यावयाचा, हे दोन्ही एकाच वेळी करता येणार नाही.

त्याच वर्षी, २००५ मध्ये, अमेरिकेतून दुसरा निबंध आला. जेनिफर जेकब्ज या होमिओपथीच्या टीकाकार नव्हेत. होमिओपथी-संशोधनात त्यांनी बराच काळ घालविला आहे. सिएटलच्या परिसरातील एका होमिओपथिक चिकित्सालयात सहा ते बारा वर्षांच्या ४३ मुलांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक परीक्षा घेतली. प्रत्येक मुलाची केस रीतसर घेतली, प्रत्येकासाठी औषध स्वतंत्रपणे निवडले, दर सहा आठवड्यांनी मूल पुन्हा तपासले. फरक एवढाच की, निवडलेले औषध काहींच्या हाती पडले आणि काहींच्या हाती निरौषध गोळी. अठरा आठवड्यांनंतर मुख्य अथवा दुय्यम कोणत्याही मापात दोन गटांत सार्थ फरक आढळला नाही. आणि तरीही दोन्ही गट पुष्कळ मापांत सुधारले होते.

या निबंधाचा शेवट वाचण्यासारखा आहे. औषधाच्या परिणामाला पुरावा मिळाला नाही, असे लेखिकांनी स्वच्छ लिहिले. परंतु होमिओपथिक भेटीचाच काही उपचारात्मक परिणाम असावा, त्याचा शोध घ्यावा, असेही सुचविले. २००७ च्या कॉक्रेन समीक्षणाने वरील चारही नियंत्रित प्रयोग, एकूण १६८ मुले, एकत्र तपासून होमिओपथीचा सार्थ परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्या समीक्षणाचा उल्लेख टीकाकार नेहमी करतात. जेकब्ज यांची सूचना मात्र दोन्ही पक्षांनी बहुतेक दुर्लक्षित केली: एकाला ती पराभवाची कबुली वाटली आणि दुसऱ्याला शिष्टाचाराचे वाक्य.

वस्तुतः त्या सूचनेला आधार देणारे संशोधन होमिओपथीच्या बाहेर आधीच झाले होते. साखर खाल्ल्याने आपला मुलगा बेफाम होतो अशी ज्यांची खात्री होती अशा मातांना हूव्हर व मिलिक यांनी त्यांच्या पाच ते सात वर्षांच्या पस्तीस मुलांसह प्रयोगशाळेत आणले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अर्ध्या मातांना सांगितले की मुलाला साखर दिली आहे; वास्तविक कोणालाच साखर दिली नव्हती. साखरेची बातमी ऐकलेल्या मातांनी आपल्या मुलाला अधिक चंचल ठरविले. एवढ्यावर ते थांबले नाही: त्या मुलाच्या अधिक जवळ राहिल्या, त्याच्याकडे अधिक पाहत राहिल्या, त्याला अधिक टोकत राहिल्या. अपेक्षेने माप तर बदललेच, शिवाय वागणूकही बदलली. होमिओपथिक गोळी साखरेचीच असते हा योगायोग विनोदी वाटला तरी येथील मुद्दा गंभीर आहे. ‘आता गुण येईल’ ही अपेक्षा त्याच रीतीने उलट दिशेला काम करीत असेल, तर टोकणे कमी होईल, आणि कमी टोकले गेलेले मूल खरोखरच काहीसे शांत होईल.

वाश्बुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या विकारातील निरौषध परिणामाचा आढावा घेतला. त्यांचा कौल असा की, मुलांत असा परिणाम झाल्याचा पुरावा फारसा नाही. तो होतो मुलांचे मूल्यमापन करणाऱ्या मोठ्या माणसांत. चार वर्षांनी, २०१३ साली, सोनुगा-बार्क प्रभृतींनी औषधांव्यतिरिक्तच्या आहारविषयक व मानसशास्त्रीय उपचारांचे एकत्रित विश्लेषण केले. मुलाच्या सर्वांत निकट असलेल्या व्यक्तीचे गुण धरले तर जवळजवळ सर्वच उपचार परिणामकारक दिसत होते; उपचार कोणता चालला आहे हे बहुधा ठाऊक नसलेल्या व्यक्तीचे गुण धरले की त्यांतील पुष्कळसे गळून पडले, आणि मेदाम्लांची पूरके व कृत्रिम रंग वर्ज्य केलेला आहार यांचेच मर्यादित परिणाम शिल्लक राहिले. म्हणजे हा दोष होमिओपथीचा एकटीचा नव्हे. वर्तनोपचाराच्या संशोधनालाही तो तितकाच चिकटलेला आहे, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

या प्रकाशात भारतातील प्रयोग पाहावयास हवा. केंद्रीय होमिओपथी संशोधन परिषदेच्या वतीने केरळात कोट्टयम येथे झालेली प्राथमिक परीक्षा ओबेराय व सहकाऱ्यांनी २०१३ साली परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. औषधाचा गट २७ मुलांचा, निरौषध गटही २७ मुलांचा, आणि अवधी पूर्ण एक वर्ष. पालकांची कॉनर्स-पट्टी, वैद्याने दिलेले एकंदर मूल्यमापन आणि शाळेतील प्रगती अशा मापांनी दर तीन महिन्यांस तुलना केली. सर्वत्र औषधाचा गट सरस ठरला, मूल्य ०.०००१. शाळेतील प्रगती मोजली हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. घराबाहेरचा साक्षीदार येथे निदान बोलावला तरी गेला. पण निकालाच्या भव्यतेनेच प्रश्न उभा राहतो. बर्नमध्ये निवडक, आधीच गुण आलेल्या ६२ मुलांत जे जेमतेम सापडले आणि सिएटलमध्ये सापडलेच नाही, ते येथे ५४ मुलांत सर्व मापांवर, सर्व तिमाहींत, इतक्या निःसंदिग्धपणे सापडावे, हे औषधाच्या प्रभावामुळे की पालकांना व वैद्याला कोणता गट कोणाचा याची कल्पना आल्यामुळे? वर्षभर चालणाऱ्या उपचारात अशी कल्पना येणे अवघड नसते. ‘तुमच्या मुलाला काय मिळाले असे वाटते?’ हा साधा प्रश्न वर्षअखेर प्रत्येक पालकाला विचारणे आणि उत्तरांची प्रत्यक्ष विभागणीशी जुळणी करून दाखविणे, हा या संशयावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

असे परस्परविरोधी प्रयोग एकत्र करून सरासरी काढण्याचा प्रयत्न २०२२ साली झाला. पीडिॲट्रिक रिसर्च या नियतकालिकात गेर्टनर, टॉइट व वालाख यांनी सहा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून होमिओपथीचा परिणाम मध्यम आकाराचा व सार्थ असल्याचे जाहीर केले. समर्थकांनी ते उचलून धरले. २०२३ साली संपादकांनी, समाविष्ट प्रयोगांच्या विश्लेषणाविषयी निर्माण झालेल्या शंकांची तपासणी करून, तो निबंध मागे घेतला; लेखकांना हा निर्णय मान्य नव्हता. या प्रकरणात कोणी कोणावर सूड उगविला अशी चर्चा पुष्कळ झाली, पण तिच्यात संशोधकाला घेण्यासारखे काही नाही. घेण्यासारखे एवढेच की, बर्नचे १.६७ आणि कोट्टयमचे ०.०००१ यांची सरासरी ही कशाचीच सरासरी नव्हे. उंबरठ्यावरचे निवडलेले यश आणि तुलनेने अपरीक्षित मोठे यश एका तागडीत घातले म्हणजे दोहोंचे दोष वजा होत नाहीत. त्यांची बेरीज होते.

टोरंटोचा प्रयोग या सर्वांहून वेगळा पडतो तो त्याच्या प्रश्नामुळे. हेदर बून यांच्या नेतृत्वाखालील गटाने आधी ३५ मुलांवर उघड परीक्षा घेतली व तिचे वृत्त २०१४ साली दिले. पुढील मोठा प्रयोग योजला जाताच विज्ञानात जी गोष्ट असंभाव्य ठरली आहे तिच्यावर विद्यापीठाने मुलांचा वेळ का घालवावा, असा जाहीर आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. आक्षेप समजण्यासारखा होता. परंतु प्रयोग झाला हे बरे झाले. त्यात तीन गट होते. पहिल्याला होमिओपथिक मुलाखत आणि खरे औषध. दुसऱ्याला तीच मुलाखत आणि निरौषध गोळी. तिसऱ्याला यांपैकी काहीच नाही, नेहमीची चाललेली व्यवस्था तेवढी. २०२४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: पहिल्या व दुसऱ्या गटांत फरक नाही. औषधाने निरौषध गोळीपेक्षा अधिक काहीही साधले नाही. परंतु मुलाखत व निरौषध गोळी मिळालेला गट नेहमीच्या व्यवस्थेतील गटापेक्षा पालकांच्या पट्टीवर सुधारलेला दिसला. एकोणीस वर्षांपूर्वी सिएटलच्या निबंधाने जे केवळ सुचविले होते ते येथे तिसरा गट ठेवल्यामुळे दिसू शकले.

होमिओपथीच्या औषधापुरता हा निकाल जवळजवळ निर्णायक मानावयास हरकत नाही. कारण तो टीकाकारांनी नव्हे, होमिओपथांच्या सहभागाने, व्यक्तिनिष्ठ निवडीचे तत्त्व पाळून मिळविला आहे. मुलाखतीविषयी मात्र घाईने आनंद मानण्याचे कारण नाही. तिसऱ्या गटातील पालकांना आपल्याला काहीच मिळालेले नाही हे ठाऊक होते. पहिल्या दोन गटांतील पालकांना कोणीतरी तासभर शांतपणे ऐकले होते. त्यानंतर दोघांनाही तीच दहा विधाने भरावयास दिली. ज्या आईचे ऐकले गेले तिची दृष्टी निवळली, की मूल खरोखर निवळले? आणि मूल निवळले असेल तर आई निवळल्यामुळे? या तीन शक्यता पालकांच्या पट्टीने वेगळ्या करता येत नाहीत. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे फिबर्ट, रेल्टन प्रभृतींनी २०१९ साली मांडलेली रचना, म्हणजे मुलांचा एक मोठा समूह दीर्घकाळ नजरेखाली ठेवून त्यातील काहींना यादृच्छिक रीतीने उपचार देऊ करणे, ही व्यवहाराला जवळची आहे खरी; पण तेथेही उपचार मिळाला की नाही हे घरच्यांना ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

मेथिलफेनिडेटच्या पुराव्याला ही फूटपट्टी लावली तर काय होईल, असे कोणी विचारील, विचारलेच पाहिजे. तेथेही चित्र निष्कलंक नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षणाने १८५ प्रयोग तपासून, शिक्षकांनी दिलेल्या गुणांत सुधारणा आढळली असली तरी पुराव्याचा दर्जा हलका आहे असे म्हटले. अमेरिकेतील ५७९ मुलांच्या मोठ्या प्रयोगात १९९९ साली काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचे श्रेष्ठत्व चौदा महिन्यांपर्यंत दिसले. २००७ साली, तीन वर्षांच्या अवलोकनात, गटांतील फरक पुसट झाले होते. तथापि एक भेद राहतोच. त्या औषधाच्या बाबतीत वर्गातील शिक्षक, ज्याला कोणाचे मन राखावयाचे नसते, तोही सुधारणा सांगतो. दोन साक्षीदारांची साक्ष जुळते. होमिओपथीच्या बाबतीत ती जुळलेली नाही.

या सर्वाचा महाराष्ट्राशी संबंध केवळ वाचकाच्या कुतूहलापुरता नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न होमिओपथी महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधिका लिहावी लागते, आणि मानसशास्त्राच्या विभागांतूनही अतिचंचल मुलांवर प्रबंधिका लिहिल्या जातात. अशा विद्यार्थ्याच्या हाताशी असणारा सर्वांत सोपा आराखडा म्हणजे तीस मुले, आईने भरलेली पट्टी, सहा महिन्यांचा उपचार, पुन्हा आईने भरलेली पट्टी आणि शेवटी एक संख्याशास्त्रीय चाचणी. अशा आराखड्यातून सुधारणा दिसणारच. वर पाहिल्याप्रमाणे, निरौषध गोळीनेही ती दिसते. पट्टीचे भाषांतर हा आणखी एक मुद्दा. इंग्रजी विधान मराठीत आणताना ‘चुळबुळ’, ‘वळवळ’, ‘धसमुसळेपणा’, ‘द्वाडपणा’ यांपैकी कोणता शब्द निवडला यावर आई एक गुण देईल की तीन, हे ठरते. ‘द्वाड’ हा शब्द मराठी आईच्या तोंडी निम्मा लाडाचा असतो, आणि गुण आल्यावर तर तो पुरताच लाडाचा होतो.

मुलाच्या बाजूने पाहता काळाचा हिशेब वेगळा आहे. बर्नच्या प्रयोगात योग्य औषध सापडेपर्यंत लागलेले मध्यतः पाच महिने हे शालेय वर्षाचे जवळजवळ अर्धे होत. त्या काळात आई समाधानी राहिली आणि वर्गातली अवस्था तशीच राहिली, तर ते मूल ना पालकांच्या तक्रारीत दिसते ना वैद्याच्या कागदात. ते फक्त शिक्षकाला दिसते, आणि शिक्षकाला कोणी विचारलेले नसते. पट्टीची शिक्षकांसाठीची आवृत्ती १९६० नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे. यापुढे या विषयावर मराठी मुलखात कोणी प्रबंधिका हाती घेणार असेल, तर मुलाखत देणारा पण गोळी न देणारा एक गट तीत असावा, आणि मुलाला घरी काय मिळते याची वार्ता नसलेल्या वर्गशिक्षकाकडून दर महिन्यास ती पट्टी भरून घेतलेली असावी. असा गट टोरंटोच्या प्रयोगातही नव्हता.